डॉक्टर म्हणतात मुलीचं नाव रजिस्ट्रीत घालू. घरचे म्हणतात, नको

पत्र एका आईचं आहे. ओळख पटू नये म्हणून गाव आणि काही तपशील वगळून थोडक्यात देते.

मुलगी आठ वर्षांची. पाचव्या वर्षी तिचा उजवा गुडघा सुजला. पडली असेल, वाढीचं दुखणं असेल, कॅल्शियम कमी असेल, असं म्हणण्यात दहा महिने गेले. शेवटी पुण्यात बालसंधिवाताचं निदान झालं. गुडघ्यात इंजेक्शन दिलं, मग दर रविवारी मेथोट्रेक्सेट हे संधिवात आटोक्यात ठेवणारं औषध सुरू झालं. मधे एका डोळ्याला आतून सूज आली. ती नियमित तपासणीत सापडली म्हणून नजर वाचली. आता वर्षभर मुलगी छान आहे, लंगडीसुद्धा खेळते. मागच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, ‘हिची माहिती आम्ही रजिस्ट्रीत घेऊ का? दर सहा महिन्यांनी नोंद होईल, मोठी होईपर्यंत.’ फॉर्म घरी आणला आणि वाद पेटला. नवरा म्हणतो, ‘आपल्या पोरीवर प्रयोग करायचे नाहीत. एकदा सही केली की अडकलो.’ सासूबाई म्हणतात, ‘आजाराचं नाव सरकारदरबारी लागलं की उद्या लग्नाला आडवं येईल. आणि लिहून ठेवून आजवर कुणाचं भलं झालंय?’ आईला स्वतःला वाटतं, की मुलगी आता बरी आहे, मग त्या आजाराचं नाव पुन्हा पुन्हा का काढायचं? पण डॉक्टरांना नाही म्हटलं तर त्यांना काय वाटेल, हीही भीती आहे.

प्रिय ताई,

डॉक्टरांना काय वाटेल, हा तुमच्या पत्रातला सगळ्यात सोपा प्रश्न आहे, म्हणून तो आधी सोडवू. तुम्ही नाही म्हणालात तर मुलीच्या उपचारात काडीचाही फरक पडता कामा नये. ही कुणाची मेहरबानी नाही. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या, म्हणजे आयसीएमआरच्या, २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे स्पष्ट आहे: सहभाग ऐच्छिक, हवा तेव्हा बाहेर पडता येतं, आणि बाहेर पडलात म्हणून उपचार अडत नाहीत. तेव्हा डॉक्टरांचं मन राखायला सही करू नका. त्यांचा राग येईल म्हणून केलेली सही त्यांनाही नको असते.

आता तुमच्या मिस्टरांचं ‘अडकलो’. मला वाटतं ही भीती शब्दामुळे आली आहे. रजिस्ट्री म्हटलं की आपल्याला दुय्यम निबंधकाचं कार्यालय आठवतं. साक्षीदार, अंगठा, मुद्रांक, आणि एकदा झालं की माघार नाही. इथली रजिस्ट्री म्हणजे नोंदवही. एकाच आजाराची पुष्कळ मुलं घ्यायची, प्रत्येकाच्या भेटीला तेच ते ठरावीक मुद्दे लिहायचे, आणि हे वर्षानुवर्षं करत राहायचं. बस्स. त्यात कुठल्या मुलाला कुठलं औषध द्यायचं हे वही ठरवत नाही. औषध डॉक्टर आणि तुम्ही मिळून ठरवता, वहीत फक्त काय दिलं आणि पुढे काय झालं ते उतरतं. औषधाची चाचणी वेगळी. तिथे औषध आधीच ठरलेलं असतं, कधी चिठ्ठी टाकल्यासारखं कुणाला कुठलं मिळेल ते ठरतं. मिस्टरांना ‘प्रयोग’ या शब्दाची जी धास्ती आहे ती त्या प्रकाराबद्दलची आहे. त्यांना फॉर्म घेऊन बसवा आणि एकच गोष्ट शोधायला सांगा: ‘या सहभागामुळे तुमच्या मुलाच्या उपचारात कोणताही बदल केला जाणार नाही’ अशा अर्थाचं वाक्य आहे का? नसेल तर त्यांची शंका रास्त आहे, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.

मी डॉक्टर नाही. मुलांच्या रुग्णालयात वैद्यकीय समाजसेविका म्हणून पंचवीस वर्षं काढली, आणि त्यातली बरीचशी संधिवाताच्या ओपीडीबाहेरच्या बाकावर, तुमच्यासारख्या आयांशेजारी. नोंद कशी होते ते तुम्ही खरं म्हणजे पाहिलेलं आहे. डॉक्टर तुमच्या लेकीचा जबडा उघडायला लावतात, मान वळवायला लावतात, मग खांदा, कोपर, मनगट, आणि हाताच्या बोटांचं एकेक पेर दोन बोटांत धरून दाबतात. त्या वेळी ते तिच्या हाताकडे कमी आणि चेहऱ्याकडे जास्त बघतात, कारण आठ वर्षांचं मूल ‘दुखतं’ म्हणत नाही, नुसतं डोळे बारीक करतं. कागदावर माणसाची आकृती असते, प्रत्येक सांध्याच्या जागी छोटा गोल. सुजलेल्या सांध्याच्या गोलावर खूण होते. मग शून्य ते दहाच्या पट्टीवर आजार किती जोरात आहे हे डॉक्टर सांगतात, आणि तुमच्या मते मूल कसं आहे हे तुम्ही सांगता. सकाळी किती वेळ आखडलेली असते? बटण लावता येतं का? नळ सोडता येतो का? त्याच्या जोडीला उंची, वजन, रक्तातला ईएसआर (अंगात सूज किती हे सांगणारा आकडा), डोळ्यांचा अहवाल, औषध, मात्रा, काही त्रास झाला का. बहुतेक सगळं तिच्या फाइलीत आहेच. वहीत ते नावाऐवजी क्रमांकानं जातं आणि इतर मुलांच्या शेजारी बसतं.

या शेजारी बसण्यातच सगळी मेख आहे, म्हणून इथे जरा सविस्तर लिहिते.

निदान झालं त्या दिवशी तुम्ही डॉक्टरांना विचारलंच असेल, ‘हे किती वर्षं चालणार?’ प्रत्येक आई विचारते. त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असेल. ते उत्तर दुसऱ्या आयांच्या मुलांच्या नोंदींमधून आलं आहे. कॅनडात २००५ ते २०१० या काळात सोळा केंद्रांनी मिळून बालसंधिवात नव्यानं झालेली दीड हजारांच्या आसपास मुलं नोंदवली आणि त्यांचा माग ठेवला. त्यातून दिसलं, की रक्तातला र्‍हुमॅटॉइड फॅक्टर पॉझिटिव्ह असलेला एक प्रकार सोडला, तर प्रत्येक प्रकारात दोन वर्षांच्या आत आजार निदान एकदा तरी शांत होण्याची शक्यता ७० टक्क्यांहून जास्त आहे, आणि पाच वर्षांच्या आत साधारण दोन तृतीयांश मुलांची औषधं एकदा तरी थांबवता येतात. थांबवता आली म्हणजे कायमची सुटली असं नाही, हेही तिथेच कळलं. नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि डेन्मार्कमध्ये १९९७ ते २००० या काळात आजारी पडलेल्या मुलांना अठरा वर्षांनी पुन्हा तपासलं, तेव्हा औषधाशिवाय आजार पूर्ण शांत असलेली साधारण एक तृतीयांश होती. म्हणजे ‘मोठी झाली की आपोआप जाईल’ हे आपल्याकडचं पाठ झालेलं वाक्य बऱ्याच मुलांच्या बाबतीत खरं नाही. हे एका डॉक्टरला, कितीही हुशार असला तरी, स्वतःच्या ओपीडीत बसून कळलं नसतं. मुलं अठराची होतात, मोठ्यांच्या विभागात जातात, नोकरीनिमित्त गाव सोडतात, आणि बालरोगतज्ज्ञाच्या नजरेआड होतात.

दुसरी गोष्ट औषधांची. तुमच्या डॉक्टरांनी म्हटलंय, की डोळा पुन्हा बिघडला तर ‘बायोलॉजिक’, म्हणजे सूज वाढवणारा शरीरातला ठरावीक घटक अडवणाऱ्या, इंजेक्शनचा विचार करावा लागेल. या जातीचं मुलांच्या संधिवातासाठी मंजूर झालेलं पहिलं औषध इटानरसेप्ट, अमेरिकेत १९९९ मध्ये. ज्या चाचणीवर ती मंजुरी उभी होती त्यात ६९ मुलं होती आणि ती काही महिने चालली. गुडघ्याची सूज उतरते का, हे कळायला तेवढी मुलं पुरली. पण दहा वर्षांनी काय होतं? हजारात एखाद्यालाच होणारा अपाय कुठला? ६९ मुलांत ते दिसणं शक्यच नव्हतं.

मग २००९ मध्ये नेमकी तीच वेळ आली. अमेरिकेच्या औषध नियामकाकडे या जातीची औषधं घेतलेल्या मुलांमध्ये आणि किशोरांमध्ये कर्करोगाच्या ४८ घटना कळवल्या गेल्या होत्या, आणि औषधाच्या माहितीपत्रकावर ठळक चौकटीत इशारा छापला गेला. तुम्ही आई म्हणून ही बातमी वाचली असती तर त्या दिवशी इंजेक्शन बंद केलं असतं. मीही केलं असतं. पण ४८ कितीपैकी? औषध न घेतलेल्या, पण हाच आजार असलेल्या मुलांत किती? घटना कळवणाऱ्या पत्रांतून याचं उत्तर मिळत नाही, कारण ज्यांना काही झालं नाही त्यांच्याबद्दल कुणी पत्र लिहीत नाही. पुढे २०१२ मध्ये अमेरिकेतल्या गरीब कुटुंबांच्या सरकारी आरोग्यविम्याच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यात बालसंधिवात असलेली साडेसात हजारांहून जास्त मुलं होती. तेव्हा दिसलं, की ही औषधं अजिबात न घेतलेल्या संधिवाताच्या मुलांतही कर्करोगाचं प्रमाण इतर मुलांपेक्षा काही पटींनी जास्तच आहे, आणि औषधामुळे ते आणखी वाढल्याचं स्पष्ट दिसत नाही. मुळात हा धोका इतका विरळा, की शंका पूर्ण मिटायला आणखी मुलं आणि आणखी वर्षं लागतात. म्हणून जर्मनीत २००१ पासून अशा मुलांची नोंदवही आहे आणि तीच मुलं मोठी झाल्यावर त्यांच्यासाठी दुसरी. म्हणूनच अमेरिका आणि कॅनडातल्या बालसंधिवात तज्ज्ञांच्या ‘कारा’ या संघटनेनं २०१५ मध्ये नवी नोंदवही उघडली आणि प्रत्येक मुलाचा माग निदान दहा वर्षं ठेवायचं ठरवलं. मूल दवाखान्यात यायचं थांबलं तर फोन करून विचारपूस होते.

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं झालं. अगदी बरोबर, आणि मला सगळ्यात जास्त कळकळीनं बोलायचंय ते यावरच. परदेशातल्या वह्या आपल्या मुलांबद्दल सगळं सांगू शकत नाहीत. तिकडे लहान वयातल्या मुलींना एखाददुसऱ्या सांध्यात होणारा, डोळ्यांना जपावं लागणारा प्रकार पुष्कळ दिसतो. आपल्याकडच्या मोठ्या केंद्रांमध्ये टाच, कंबर आणि पाय धरणारा, बहुधा जरा मोठ्या मुलग्यांना होणारा प्रकार कितीतरी जास्त आढळतो. डोळ्याच्या सुजेचं प्रमाण इथे एकंदरीत कमी दिसतं. तुमच्या लेकीला ती झालीच, तेव्हा तिची तपासणी या भरवशावर चुकवायची नाही, हे जाता जाता सांगते. ती सूज डोळा लाल करत नाही, दुखत नाही. नेत्रतज्ज्ञाच्या स्लिट लॅम्पखालीच, म्हणजे डोळा मोठा करून दाखवणाऱ्या दिव्याच्या यंत्राखालीच, सापडते.

त्यात आपल्याकडे क्षयरोग आहे. ही इंजेक्शनं दबलेला टीबी वर काढू शकतात, म्हणून आधी माँटू चाचणी (टीबीसाठी हातावर टोचून करतात ती) आणि छातीचा एक्सरे करतात. जर्मनीतल्या मुलांच्या वहीत याचं उत्तर शोधून कितीसं सापडणार? शिवाय आपल्याकडची अनेक मुलं मूळ औषधावर नाहीत. डोळ्यांसाठी आणि सांध्यांसाठी वापरलं जाणारं अडालिमुमॅब हे बायोलॉजिक झायडस कॅडिला या भारतीय कंपनीनं डिसेंबर २०१४ मध्ये स्वस्तात बाजारात आणलं, त्या औषधाची जगातली पहिली प्रतिकृती. त्यामुळे कितीतरी घरांना ते परवडू लागलं. ते घेतलेल्या मुलांचं पंधरा वर्षांनी कसं चाललंय, हे लिहायचं तर इथेच लिहावं लागेल. मांडी घालून जेवता येतं का, शाळेत फरशीवर बसता येतं का, उकिडवं बसता येतं का, हे आपल्या मुलांचे रोजचे प्रश्नही इथलीच वही विचारणार.

सासूबाईंचा प्रश्न, ‘लिहून ठेवून कुणाचं भलं झालंय?’ त्यांना बार्शीची गोष्ट सांगा. मुंबईत कर्करोगाची नोंदवही १९६३ पासून होती, पण खेड्यांत कर्करोग किती आणि कुठला हे कुणालाच ठाऊक नव्हतं. १९८७ मध्ये सोलापूर जिल्ह्यातली बार्शी आणि शेजारचे परांडा, भूम अशा तीन तालुक्यांतली ३४६ गावं धरून नोंद सुरू झाली. देशातली ती पहिली ग्रामीण कर्करोग नोंदणी. खेड्यातली माणसं दवाखान्यात यायची नाहीत, म्हणून कार्यकर्तेच गावोगाव गेले. लोकांशी बोलले, लक्षणं समजावली. बायकांमध्ये गर्भाशयाच्या मुखाचा कर्करोग सगळ्यात जास्त, हे त्यातून उघड झालं, आणि काही वर्षांत त्या भागातल्या बायका आजार लवकरच्या टप्प्यात असतानाच तपासायला येऊ लागल्या. नावं चव्हाट्यावर आली नाहीत. आकडे आले, आणि त्या आकड्यांनी बायकांचे जीव वाचवायला मदत केली. सासूबाईंच्या वयाच्या बाईला हे लगेच कळेल.

लग्नाचा प्रश्न मी हसण्यावारी नेणार नाही. स्थळ मोडलेलं मी पाहिलंय, आणि ते कुठल्या नोंदवहीमुळे नाही तर चुलत्याच्या घरून गेलेल्या एका फोनमुळे. नोंदवही संशोधकांकडे असते, त्यात क्रमांक असतो, आणि तिचा सरकारदरबारातल्या कुठल्या दाखल्याशी संबंध नसतो. पण तुम्हाला खरं सांगायचं तर धोका शून्य आहे असंही कुणी म्हणू नये. आजार विरळा, गाव लहान. जन्मतारीख, तालुका आणि निदान एवढं एकत्र असलं तर जाणत्याला नाव न लिहिताही मूल ओळखता येईल. म्हणून विचारा, की क्रमांक आणि नाव जुळवणारी यादी कुणाकडे असते? ती कुठे ठेवलेली असते? माहिती बाहेर जाते तेव्हा पूर्ण जन्मतारीख जाते की फक्त वर्ष? गावाचं नाव जातं का? चांगल्या नोंदवहीकडे याची उत्तरं तयार असतात.

पण सासूबाईंच्या म्हणण्याच्या मुळाशी एक गृहीत आहे, त्याबद्दल मला बोलायलाच हवं. आजार लपवला की मुलगी सुरक्षित राहते, हे ते गृहीत. मी काम करत होते त्या रुग्णालयात एकदा पंचविशीची एक मुलगी आली. लहानपणी तिच्यावर तिथेच उपचार झाले होते. आता लग्न झालेलं, मूल हवं होतं, आणि सांधे पुन्हा दुखू लागल्यावर गावाकडे कुणीतरी तिला जुन्याच गोळ्या चालू करून दिल्या होत्या. स्त्रीरोगतज्ज्ञांनी विचारलं कुठल्या, तर ती म्हणाली, ‘पिवळ्या.’ मेथोट्रेक्सेटही पिवळं आणि त्याच्याबरोबरची फॉलिक अ‍ॅसिडची गोळीही पिवळीच. एक गर्भाला अपाय करणारी, दुसरी गर्भाला हवी असणारी. आईनं लग्नाआधी सगळे कागद जाळून टाकले होते, मुलीच्या भल्यासाठीच. आमच्या रुग्णालयातल्या तेवढ्या जुन्या फाइली एका पावसाळ्यात तळघरात भिजून गेल्या होत्या. शेवटी पाकिटाच्या उरलेल्या कडेवरून औषध कळलं आणि ते वेळेत थांबवता आलं. लहानपणी घेतलेल्या मेथोट्रेक्सेटनं पुढे मूल होण्यात अडचण येते असं नाही, ही काळजी तुम्ही करू नका. पण ते चालू असताना दिवस जाऊन चालत नाही. हे तुमच्या लेकीला एक दिवस माहीत असावं लागेल, तिच्या नवऱ्यालाही. ज्या घरात आजाराचं नाव काढायचं नाही, त्या घरातल्या मुलीला हे कोण सांगणार?

आता तुमचं स्वतःचं म्हणणं. मुलगी बरी आहे, मग कशाला? ताई, वहीला बऱ्या झालेल्या मुलांचीच सगळ्यात जास्त गरज असते. बरी झालेली मुलं यायची थांबली, तर वहीत फक्त आजारी मुलं उरतात आणि वाचणाऱ्याला वाटतं, हा आजार कुणाचाच जात नाही. आणि एसटीचं भाडं, बुडणारा रोज परवडत नाही म्हणून ज्यांचं येणं थांबतं, ती मुलं वहीतून गळली तर उलटं होतं, सगळं छान चाललंय असं दिसतं. तुमच्या लेकीचं लंगडी खेळणं हीदेखील नोंद आहे. पुढच्या वर्षी पाच वर्षांच्या पोरीला मांडीवर घेऊन कुणी आई त्याच खोलीत बसेल आणि विचारेल, ‘किती वर्षं?’

तरीही तुम्ही कुणाचं देणं लागत नाही. घरात सध्या ओढाताण असेल, मुलीला आणखी प्रश्न नको असतील, पुण्याच्या फेऱ्याच जड जात असतील, तर आज नाही म्हणा. वर्षभरानं हो म्हणता येतं. यात मधले मार्गही असतात, ते बहुतेकांना कुणी सांगत नाही. नुसती माहिती द्यायची आणि रक्ताचा नमुना साठवायला नाही म्हणायचं, असं बहुधा करता येतं. त्याच्यासाठी फॉर्मवर वेगळी सही असायला हवी. नमुन्याच्या बाबतीत मी जास्त सावध असते, कारण रक्तातून पुढे काय काय वाचलं जाईल हे आज सही करणाऱ्याला कळणं अवघड आहे. नमुना किती वर्षं ठेवणार, देशाबाहेर जाणार का, आपण बाहेर पडलो तर नष्ट करणार का, एवढं विचारून मगच ठरवा. नोंदवहीसाठी पैसा कोण देतं तेही विचारा. औषध कंपनीचा पैसा असला म्हणून वही वाईट ठरत नाही, पण ते लपवलेलं नसावं. तुमच्या खिशातून मात्र एक रुपयाही जाता कामा नये. वहीपुरती एखादी जादा तपासणी असेल तर तिचा खर्च त्यांचा. रुग्णालयाच्या नैतिकता समितीची मान्यता आहे ना, हेही बघून घ्या. समितीचा संपर्क फॉर्मवर असतो. आणि माहितीपत्रक मराठीत मागा. ते देणं त्यांचं काम आहे. इंग्रजीतला फॉर्म ‘इथे इथे सही करा’ म्हणून पुढे केला तर उठून या.

सही करा अथवा करू नका, एक वही मात्र तुमची स्वतःची असू द्या. दोनशे पानी लांब वही घ्या. पहिल्या पानावर निदान, तारीख, रक्ताच्या मुख्य तपासण्या. मग प्रत्येक भेटीला एक पान: कुठला सांधा, उंची, वजन, औषध आणि मात्रा, डोळ्यांची तपासणी केव्हा झाली आणि पुढची केव्हा. सकाळचा आखडलेपणा किती मिनिटं, हे महिन्यातून एकदा घड्याळ लावून लिहा. आठवणीतून सांगितलेला आकडा नेहमी चुकतो. मेथोट्रेक्सेटच्या पाकिटावर मार्करनं ‘फक्त रविवार’ असं मोठं लिहा. आठवड्याची गोळी चुकून रोज दिली गेली तर जिवावर बेतू शकतं, आणि ही चूक शिकलेल्या घरांतही होते. कुठलीही लस द्यायच्या आधी डॉक्टरांना विचारलं का, तेही त्या पानावर. जुने कागद फोनमध्ये फोटो काढून ठेवा आणि एक प्रत भावाकडे किंवा बहिणीकडे.

मिस्टरांना पुढच्या खेपेला बरोबर न्या. फॉर्मवर भांडण घरात करण्यापेक्षा त्यांचा प्रश्न त्यांनीच डॉक्टरांना विचारू दे. मी पाहिलंय, की बापाला आत बोलावून खुर्ची दिली आणि सांधा कसा तपासतात ते दाखवलं, की त्याच्या आवाजातला ताण उतरतो. आजवर बऱ्याच वेळा त्याला फक्त औषधं आणायला खाली पाठवलेलं असतं.

आणि एक व्यक्ती तुमच्या पत्रात बोलतच नाही. तुमचं, मिस्टरांचं, सासूबाईंचं, डॉक्टरांचं मत त्यात आहे. लेकीला विचारलंत का? आयसीएमआरच्या त्याच तत्त्वांत आहे, की सात ते बारा वर्षांच्या मुलांची तोंडी संमती पालकांसमोर घ्यायची, बारानंतर लेखी, आणि अठरा पूर्ण झाली की तिला स्वतःला पुन्हा विचारायचं. ती आठ वर्षांची आहे, म्हणजे तिच्या होकाराला आताच किंमत आहे. फार समजावत बसू नका. रविवारी गोळी द्यायच्या वेळी सांगा, ‘तुझ्यासारखा गुडघा सुजणारी अजून पुष्कळ मुलं आहेत. डॉक्टर सगळ्यांचं एका वहीत लिहितात, म्हणजे कुठलं औषध कुणाला चालतं ते कळतं. तुझं नाव नाही लिहिणार, नंबर लिहितील. लिहू दे का?’

मग ती जे विचारेल त्याची उत्तरं द्या. बहुतेक मुलं आधी विचारतात, ‘सुई टोचणार का?’ नमुना द्यायचा नसेल तर वहीसाठी टोचणार नाहीत असं सांगा, आणि नेहमीची रक्ततपासणी मात्र होणारच, हेही. नको म्हणाली तर फॉर्म फाइलीत ठेवा आणि सहा महिन्यांनी पुन्हा विचारा.